अंतरा हरवलेली चाल

मित्रांनो, मी एक जुनी चाल आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. कुणी गायलं तर मी आहे, नाही तर नाही. बुडापेस्टमधल्या एका कॉफीच्या दुकानात झिगमंड नावाच्या संगीतकाराने चमच्याने टेबल बडवत मला जन्म दिला, तेव्हा १९११ साल चालू होतं. त्याने मला खेळकर मुखडा दिला आणि त्याहून गोड अंतरा दिला.

झिगमंडच्या संगीत नाटकात मला एतेलका नावाची नटी गायची. ती त्यात गिरणीवाल्याची लेक व्हायची. मुखडा संपतो न संपतो तोच 'वन्स मोअर'चा गजर उठायचा आणि बिचारा अंतरा टाळ्यांत बुडून जायचा. पाववाले, ट्रामवाले, सगळे माझ्या मुखड्याची शीळ घालत हिंडायचे. मी नुसती फुशारून गेले होते. अंतरा कुणाच्याच तोंडी नाही, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

मग महायुद्ध आलं. सैनिक मला गात आगगाडीत चढले. त्यांतले थोडेच परतले. झिगमंडही गेला. थिएटरला टाळं लागलं आणि एका कडाक्याच्या हिवाळ्यात माझे छापील कागद लोकांच्या शेगडीत गेले.

मला जगवलं ते गाश्पारने. हा रोमा, म्हणजे जिप्सी जमातीचा, व्हायोलिनवाला एका खाणावळीत वाजवायचा. त्याच्या बापाने थिएटरच्या मागच्या दाराशी उभं राहून मला कानाने उचललं होतं. आमच्याकडे माणसागणिक त्याची अशी एक चाल असते. व्हायोलिनवाला ती त्याच्या कानाशी येऊन वाजवतो, आणि माणूस गेला की कबरीपाशीही तीच वाजते. थकलेल्या एतेलकाची चाल मीच होते.

एकदा तिने गुलाशच्या रश्श्याचा चमचा खाली ठेवला.

"गाश्पार, इतकी वर्षं तू मला नुसता मुखडाच ऐकवतोयस. अंतरा कुठाय?"

"बाईसाहेब, हिला अंतराही आहे?" तो चाटच पडला.

"म्हणजे काय! तुझ्या बापाला टाळ्याच ऐकू आल्या वाटतं. आता तो मला एकटीलाच येतो. शिकून घे बाबा. माझ्या मातीला अर्धी चाल नको मला."

"तुमची माती? अहो, आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाल तुम्ही! आधी तो खोकला जाऊ दे, मग निवांत शिकवा."

"बरं. रविवारी ये घरी."

मी त्या रविवारची किती वाट पाहिली म्हणून सांगू! पण खोकला काही गेला नाही. शनिवारी एतेलकाच गेली.

कबरीपाशी बर्फ भुरभुरत होतं. गाश्पारने मला अगदी संथ वाजवलं. मुखडा संपला. साथीदार सवयीने तो पुन्हा उचलणार, तोच त्याने हात वर केला आणि गज खाली घेऊन तो तसाच उभा राहिला.

"का थांबलास रे?" शेजारच्याने हळूच विचारलं.

"गप उभा राहा," गाश्पार म्हणाला. "अंतरा चाललाय."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणा म्हाताऱ्या माणसाला एखादं गाणं येत असेल, तर आजच जवळ बसून ते पुरतं शिकून घ्या. आवाज फाटला असला, खोकला येत असला, तरी शिकून घ्या. मला लोक अजून वाजवतात, वाहवाही करतात. पण माझा अंतरा कसा होता, ते आता मलासुद्धा आठवत नाही.