जात्यावरचा हात

गंगाखेडची ओळख सांगणारं एक चित्र पाहिजे, असं यात्रा समितीत ठरलं ते ऐंशी साल. त्याआधी विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावावरून मराठवाड्यात घरं जळाली होती आणि तेव्हापासून बाहेरचा माणूस या भागाचं नाव निघालं की आधी तीच गोष्ट काढायचा. गोदेच्या घाटावर लोक येत, पण बहुतेक नाइलाजानं, अस्थींचं गाडगं घेऊन. समितीचे दत्तराव म्हणत, "जनाबाईचं गाव आपलं, आन् लोक नुसती राख टाकायला यायलेत. कायतरी मार्का लागंल गावाला." तो मार्का एसटी स्टँडवरच्या मोठ्या पाटीवर लागणार होता, यात्रेच्या पत्रकावर आणि प्रसादाच्या पुड्यावरही.

काम मुंजाजी पेंटरकडं आलं. मुंजाजी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, ट्रकच्या पाठीवर मोर काढायचा. एवढं मोठं काम त्याला कधी मिळालं नव्हतं. त्यानं घाट काढून बघितला, तो नदीकाठच्या कुठल्याही गावचा वाटला. देऊळ काढलं, ते कॅलेंडरातलं दिसलं. मग त्याला जातं सुचलं. पूर्ण बाई नको, चेहरा नको. जात्याचा खुंटा आणि तो धरलेला एक हात, बस्स.

घरात जातं होतं आणि नर्मदा होती. नर्मदा त्याची लेक. पूर्णेला दिली होती. जावई पंडित रेल्वेत गँगमन होता, तो काविळीनं गेला आणि ती माहेरी आली. दळण गिरणीतून यायचं, पण डाळीचा भरडा ती घरीच काढायची. ती भरडत होती आणि मुंजाजी समोर बसून काढत होता. मनगटावरचं गोंदण, वर आलेली शीर, बोटांना लागलेला डाळीचा भुसा. चित्र पुरं झालं तेव्हा त्याचं त्यालाच ते खरं वाटेना.

समितीत दत्तरावांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं. "लय झ्याक काढलंस," ते म्हणाले. मग थांबले. "पण मुंजाजी, हातात बांगड्या न्हाईत रे."

मुंजाजीनं कागद आपल्याकडं फिरवून घेतला. बांगड्या काढायचं तो विसरला नव्हता. त्या नाहीत हेच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. इतकी वर्षं तो हात त्यानं तसाच पाहिला होता.

"जनाबाईचं कुठं लगीन झालं व्हतं?" तो कसाबसा म्हणाला.

"ते तुला मला ठाव. गाडीतून उतरणाऱ्याला कोण सांगत बसंल? त्याला हात रंडक्या बाईचाच दिसंल."

शेजारी बसलेले किशनराव हसले. "दोन हिरव्या रेघा वढ की. पोळ्याला आमच्या बैलाच्या शिंगाला यापेक्षा जास्त रंग लागतो."

काम खरंच दोन रेघांचं होतं. मुंजाजीनं कुंचला हातात घेतलाही. पण तो हात नर्मदाचा होता आणि गोंदणावरून आळीतल्या कुठल्याही बाईनं तो ओळखला असता. त्यानं कागद गुंडाळला. "मला जमायचं न्हाई. दुसरा पेंटर बघा," म्हणाला आणि उठला.

घरी येताना त्याची मान ताठ होती. आयुष्यात पहिल्यांदा आपण कुणाला तरी नाही म्हणालो, आणि तेही लेकीसाठी, असं त्याला वाटत होतं.

बायको, धुरपदाबाई, भाकरी थापत होती. त्यानं घडलेलं सगळं सांगितलं. "बरं केलं," ती म्हणाली. "लोकांच्या तोंडाला कुठं हात लावायचा?"

नर्मदा कोपऱ्यात लसूण सोलत होती. "तुमी न्हाई म्हणून आलात, आबा?"

"मंग काय करू? तुझ्या हातावर बांगड्या काढू?"

"मला इचारायचं तरी."

"काय इचारायचं त्यात?"

"मी हो म्हणले असते."

धुरपदाबाईचा हात भाकरीवरच थांबला. "नर्मदे, काय बोलायलीस?"

"हातात घालते म्हणले का मी? कागदावर तर हाय, आई. तेवढंबी नगं का?"

तव्यावरची भाकरी करपली. तिच्या बांगड्या फोडल्या त्या दिवशी मुंजाजी अंगणात पाठ फिरवून उभा राहिला होता आणि त्यानंतर घरात त्यानं पंडितचं नावसुद्धा कधी काढलं नव्हतं. असं गप्प राहणं हीच माया, असं त्याला वाटत आलं होतं.

त्यानं कागद उलगडून जमिनीवर पसरला, हिरव्या रंगाचा डबा उघडला.

"हिरव्या न्हाई," नर्मदा म्हणाली. "मोरपिशी व्हत्या. पूर्णेच्या ठेसनाबाहेर कासार बसायचा, तिथं त्यांनी भरून दिल्त्या. तुमी बघितल्या न्हाईत त्या."

मुंजाजीनं हिरव्यात निळा मिसळला आणि खापरीवर रंग लावून दाखवला. तिनं मान हलवली. त्यानं अजून निळा घातला. तिसऱ्या वेळेला ती म्हणाली, "ह्योच."

"किती काढू?"

"मनगटभर काढा."

सकाळी तो दत्तरावांच्या दारात जाऊन उभा राहिला. काल नाही म्हणून आज हो म्हणायचं, याची त्याला लाज वाटत होती.

"मी तर नांदेडला सांगावा धाडणार व्हतो," दत्तराव म्हणाले.

किशनराव तिथंच चहा पीत बसले होते. त्यांनी चित्र बघितलं. "हिरव्या सांगितल्या व्हत्या तुला."

"ह्याच ऱ्हातील," मुंजाजी म्हणाला. आवाज बारीक निघाला. "जमत असलं तर ठेवा, न्हाईतर मी चाललो."

दत्तरावांची नजर चित्रातल्या गोंदणावर गेली, मग मुंजाजीच्या तोंडावर. "राहू द्या किशनराव," ते म्हणाले. "हातात बांगड्या हायत ना, झालं तर."

स्टँडवरची पाटी पुरी व्हायला आली होती त्या दिवशी नर्मदा आईबरोबर बाजाराला निघाली होती. मुंजाजी शिडीवर होता. ती पाटीखाली थांबली, वर बघत राहिली. तेवढ्यात लातूरच्या गाडीतून एक म्हातारी उतरली. तिनं पाटी बघितली आणि जवळ उभ्या असलेल्या नर्मदाला विचारलं, "बाई, जनाबाईचं देऊळ कुण्या अंगाला हाय?"

नर्मदानं पदराखालून हात बाहेर काढला आणि रस्ता दाखवला. म्हातारीनं त्या गोंदलेल्या, मोकळ्या मनगटाकडं बघितलं, मग पुन्हा वर पाटीकडं, आणि ती घाटाच्या दिशेनं चालू लागली.

मुंजाजीनं शिडी जरा सरकवून घेतली आणि तो बांगड्यांना रंगाचा दुसरा हात देऊ लागला.