आधी थोरल्याचं घर

ओबुया दिवसभर लोकांची घरं बांधायचा आणि संध्याकाळी फोनवर स्वतःचं. दोन्हींत त्याला फोनवरचंच जास्त आवडायचं, यात नवल काही नाही.

त्या शनिवारी काम दुपारीच सुटलं. नैरोबीच्या कायोले भागातल्या एका इमारतीवर तो सकाळपासून विटा लावत होता आणि खांदे असे भरून आले होते की सदरा काढायलाही रिस्परची मदत लागली. रिस्पर ही त्याची बायको, आलेगोकडची, जिभेला धार असलेली. तिने उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि भाजी असं ताट समोर ठेवलं. त्याने चार घास खाल्ले, हात धुतले आणि बोटांना थोडं तेल लावलं. सिमेंटने बोटांची टोकं अशी फाटली होती की फोनला ती माणसाची बोटं वाटायचीच नाहीत.

"लावा तेल," रिस्पर म्हणाली. "मला कधी लावलं नाहीत."

त्याने खेळ उघडला.

खेळ मूळचा त्याच्या मुलीचा, बेरिलचा. तिच्या निवासी शाळेत फोन चालत नसे, म्हणून जाताना तिने आपला फोन घरी ठेवला आणि सुट्टीत बापाच्या फोनवरही खेळ टाकून त्याला शिकवला. बाप तिच्यापेक्षा जास्त अडकला. त्या जगाला पुढे-मागे नव्हतंच. मधोमध कापलेलं वारूळ बाजूने बघावं तसं ते दिसायचं: वर आभाळ, झाडं, गवत, खाली माती, दगड, भुयारं, आणखी खाली सोनं आणि आग. डावीकडे जा, उजवीकडे जा, खाली खणा, वर बांधा. एक घाव घातला की मातीचा चौकोन सुटून थेट पिशवीत. फावडं नको, घमेलं नको. भिंत लावली की लागली, तिच्यावर पाणी मारत बसायला नको. मुकादम नाही. आणि चुकलं तर पाडा, सगळा माल जसाच्या तसा परत. जन्मभर वाया गेलेलं सिमेंट बघितलेल्या माणसाला हे सुख काय असतं, ते सांगून कळायचं नाही.

कधी अंगात त्राणच नसलं तर तो नुसता खाली खणत जायचा. अंधारात मशाल रोवली की तेवढा उजेड आपला. पुढे काय निघेल याची भीती असायची, पण ती भीतीही हलकी होती, घरभाड्याच्या भीतीसारखी नव्हती. आणि वर येऊन एखादी खोली बांधली, तिला दार लावलं, दिवा ठेवला, टेबल-खुर्ची ठेवली, की कुणीतरी आपणहून तिथे राहायला यायचं. एक व्यापारी आला होता, एक सुईणबाई आली होती. गेल्या आठवड्यात मात्र जिना सरळ वाटेना म्हणून त्याने अख्खा वाडा पाडला. तसा तो आधीही पाडला होता. राहायला आलेली माणसं रात्रीच्या भुतांनी मारली. आता तिथे अर्ध्या भिंती होत्या, छप्पर नव्हतं, दार नव्हतं.

दारावर थाप पडली तेव्हा तो नव्या जिन्याचा विचार करत होता.

धाकटा भाऊ ओग्वेनो आला होता. गावाहून, उगुंजाहून, बसने, न सांगता. एका हातात रताळ्यांची पिशवी, दुसऱ्या हातात पाय बांधलेला कोंबडा.

"अगं बाई, भाऊजी!" रिस्पर म्हणाली. "द्या तो इकडे, आत्ता रस्सा करते."

ओग्वेनोने कोंबडा पाठीमागे घेतला. "हा कापायचा नाही, वहिनी. आईने दादासाठी दिलाय."

नवं घर करायला निघालेला माणूस कोंबडा घेऊन निघतो, हे तिघांनाही ठाऊक होतं. म्हातारीने निरोपाचा एक शब्दही खर्च केला नव्हता.

"न्हाणीघरात बांध त्याला," ओबुया म्हणाला, आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

गोष्ट जुनीच होती. आईच्या दारात उभं राहून फाटकाकडे बघितलं की उजवीकडे थोरल्याचं घर, डावीकडे धाकट्याचं. आणि आधी थोरल्याचं. थोरल्याच्या आधी धाकट्याने खांब रोवला तर अवकळा येते, माणसं वाळत जातात, असं सगळे मानतात. जे मानत नाहीत तेही करून बघत नाहीत. ओबुयाने गावी अजून घर बांधलं नव्हतं. म्हणून ओग्वेनो बायको-मुलांना घेऊन बाजारात, पिठाच्या गिरणीमागे भाड्याच्या खोलीत राहत होता. पोरं पिठाने खोकायची. बापाची जमीन तिथून हाकेच्या अंतरावर होती आणि तिच्यावर शेजाऱ्यांच्या शेळ्या चरत होत्या.

बांधायचं नाही असं ओबुयाने कधी म्हटलं नाही. उलट रोज तो मनात बांधत होता. तो नैरोबीचा गवंडी. त्याने गावी पत्र्याची खोली ठोकली तर लोक काय म्हणतील? म्हणून आधी भाजलेल्या विटांच्या दोन खोल्या ठरल्या, मग चार, मग पुढे व्हरांडा, मग व्हरांड्याला खांब. घर मोठं होत गेलं आणि डिसेंबर लांब जात गेला. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर चहा घेताना ओग्वेनोने एकदाचं तोंड उघडलं.

"आयेको काका आता उठत नाहीत फारसे. परवा म्हणाले, पहिला खांब धरायला हात अजून चालतोय, तोवर काय ते करा."

बाप गेल्यावर पहिला खांब बापाच्या भावाने धरायचा असतो. बापाच्या भावांपैकी आता आयेको काका एकटेच उरले होते.

"डिसेंबरात येतो," ओबुया म्हणाला.

"कुठल्या डिसेंबरात?" रिस्परने विचारलं. "दर वर्षी एक येतो म्हणून विचारते."

"तू गप गं."

"मी गप बसते. तो बसणार नाही." न्हाणीघरातून कोंबडा ओरडत होता. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, बेरिलचे बाबा. तुम्ही असेच गेलात ना, तर घराशिवाय पुरता येत नाही म्हणून लोक रातोरात पत्र्याचं खोपटं ठोकतील आणि गवंड्याची शवपेटी त्याच्या दारात ठेवतील. तेच पत्रे, तेच खोपटं. फक्त बघायला तुम्ही नसाल."

ओबुयाला राग आला. राग येण्याइतकीही ताकद नव्हती, तरी आला. आठवडाभर दुसऱ्यांच्या भिंती उचलायच्या आणि सुट्टीच्या दिवशी घरात हे ऐकायचं. विषय मोडायला त्याने बेरिलचा फोन भावापुढे टाकला. "हे घे. जरा खेळ. डोकं हलकं होतं."

ओग्वेनोने आढेवेढे घेतले नाहीत. बाजारात तो मोटारसायकली दुरुस्त करायचा, बोटं हुशार होती. दोन्ही फोन जोडले आणि थोड्याच वेळात त्याचा लहानसा माणूस थोरल्याच्या जगात धावायला लागला. झाडं तोडली, दगड फोडले, भुयारात उतरून तांबंही काढलं. वटवाघूळ अंगावर आलं तेव्हा तो मोठ्याने ओरडला आणि दोघे भाऊ हसले. लहानपणी ओढ्याच्या काठी चिखलाची घरं करताना हसायचे तसे हसले. ओबुयाला फार बरं वाटलं. विषय टळला, असंही वाटलं.

"आता खोली बांध पटकन," तो म्हणाला. "खेळातली रात्र होतेय. मेलेली माणसं चालत येतात."

"हं," ओग्वेनो म्हणाला आणि आणखी एक झाड तोडलं.

खेळातला सूर्य बुडाला. मेलेली माणसं आली. ओबुयाचा माणूस खाली आपल्या खाणीत सुरक्षित होता. ओग्वेनोचा माणूस मोकळ्यावर उभा राहून कुऱ्हाड चालवत होता. तो मेला. परत आला. परत मेला.

"अरे, बांध ना! लाकूड आहे की तुझ्याकडे."

"आहे."

"मग?"

ओग्वेनोने स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "दादा, तुझं घर कुठाय?"

"ते काय, मधोमध. पाडलंय सध्या. जिना बदलायचाय."

"म्हणजे उभं नाही."

"नाही. त्याचं काय?"

"तुझं उभं राहिलं की मी बांधतो." आणि त्याचा माणूस पुन्हा मेला.

ओबुयाला वाटलं, हा टोमणा. त्याने मान वर करून भावाकडे रागाने बघितलं. पण ओग्वेनोच्या तोंडावर टोमणा नव्हताच. तो कपाळाला आठ्या घालून भुतांशी लढत होता, मनापासून. बोलून गेल्यावर त्यालाच आपलं बोलणं ऐकू आलं असावं, कारण त्याचा अंगठा थांबला.

"खेळ आहे रे हा," ओबुया म्हणाला.

"माहितेय."

"इथे कोण वाळत जाणारे?"

"कुणी नाही. माहितेय, दादा." ओग्वेनो ओशाळून हसला. "पण हातच उठत नाही. मघाशी एक फळी लावून बघितली. काढून टाकली."

ओबुयाने बघितलं. पडक्या वाड्याच्या डाव्या अंगाला, थोडं अंतर राखून, भावाचा माणूस उभा होता. मघापासून तो तिथेच परतून येत होता, हे आता ओबुयाच्या लक्षात आलं. त्या जगाला बाजू दोनच होत्या आणि कुणी न सांगता धाकट्याने आपली निवडली होती. पिशवीत लाकडांचा ढीग, आणि लावलेली फळी एकही नाही. मेलेली माणसं पुन्हा येत होती.

रिस्पर दारात येऊन उभी राहिली होती. तीसुद्धा काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही याचीच ओबुयाला जास्त लाज वाटली. इतकी वर्षं तो स्वतःला सांगत आला होता की मी दमलोय, मला थोडा वेळ द्या. तो वेळ कुणाच्या पोरांच्या छातीतून जात होता, हे त्याने बघितलंच नव्हतं.

त्याचा माणूस खाणीतून वर आला. त्याने जिना सोडून दिला. अर्ध्या भिंती तशाच ठेवून त्यांच्यात लाकडाचा एक चौकोन बसवला, वर फळ्या टाकल्या, दार लावलं, आत एक दिवा ठेवला. इतकं कुरूप घर त्याने त्या जगात कधी बांधलं नव्हतं.

"झालं," तो म्हणाला. "बांध आता."

ओग्वेनोने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग त्याची बोटं अशी सुटली, की अडवलेलं पाणीच मोकळं झालं. भिंती, दार, छप्पर, दिवा, टेबल, खुर्ची. खेळातली पहाट होईपर्यंत त्याच्या खोलीत नवी सुईणबाई राहायलासुद्धा आली.

ओबुयाने फोन बाजूला ठेवला. मग परत उचलला आणि मुकादमाला लावला. "उद्यापासून काही दिवस येत नाही. गावी काम आहे... नाही, कुणी गेलं नाही. घर बांधायचंय... हो, माझंच."

"मीही येणार," रिस्पर म्हणाली. "पहिल्या रात्री बायको घरात झोपली नाही तर ते घर नव्हे, गोठा." आणि ती पिशवी भरायला लागली.

सोमवारच्या बसने कोंबडा परत गावी गेला.

घर एका दिवसात उभं राहिलं. एक खोली, पत्र्याची, उजव्या अंगाला. आयेको काकांना खुर्चीसकट उचलून आणलं. त्यांच्या हाताला नुसती कातडी उरली होती. ओबुयाने खांब खड्ड्यात सोडला, काकांनी त्याला हात लावला आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. कुणी गवंड्याला हसलं नाही. हसायला कुणाला वेळ नव्हता, सगळे पत्रे धरून उभे होते. आईने फक्त एवढंच विचारलं, "कोंबडा वाटेत ओरडला का?"

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच डाव्या अंगाला पहार वाजायला लागली. ओबुया उठून बाहेर आला. ओग्वेनो आईच्या घरामागून खांब ओढून आणत होता. लग्न झालं त्या वर्षीच त्याने ते तोडून, सोलून, रचून ठेवले होते, थोरल्याचं घर झालं की लगेच लागतील म्हणून. वरचे धड होते. खालचे उचलले की त्यांचा बुडखा मातीसारखा गळून पडत होता. वाळवीने एक टोक सगळं खाऊन टाकलं होतं.

ओबुयाच्या खेळात लाकूड कधी कुजत नसे.

"थांब," तो म्हणाला. "बाजारातून नवे आणतो. मी आणतो."

"नको, दादा," ओग्वेनो म्हणाला. "आता थांबायचं नाही."

मग ओबुयाने करवत घेतली. दिवसभर दोघांनी मिळून खाल्लेली टोकं कापली आणि उरलेले खांब रोवले. भिंती सरळ आल्या, कोपरे काटकोनात बसले. शेवटी काम गवंड्याचं होतं. उंची तेवढी आली नाही.

संध्याकाळी धाकट्याची बायको आचोला पोरांना आणि भांड्यांना घेऊन गिरणीमागून आली. तिने तीन दगड मांडले, चहा ठेवला आणि दारातून हाक मारली, "भावोजी, या. डोकं सांभाळा, खांब आखूड पडलेत."

ते का आखूड पडले, हे ती बोलली नाही. ओबुयाने टोपी काढली आणि कमरेत वाकून धाकट्याच्या घरात गेला.