खारीचा कमरपट्टा

अशी कल्पना कर, की तुझे दोन्ही हात कोपरापर्यंत बर्फाच्या पाण्यात आहेत. हळूहळू साठ आकडे मोज. वीसपर्यंत गंमत वाटेल, चाळीसला बोटं दुखायला लागतील आणि साठला ती तुझी राहणारच नाहीत. आता त्याच बोटांनी शर्टाचं सगळ्यात वरचं बटण काढ.

जमलं? नाही ना. मग या गोष्टीतल्या मुलीला काय वाटलं असेल ते तुला बरोबर कळेल.

घरात सगळे तिला खार म्हणायचे. दहा वर्षांची मुलगी, पण खिशात कायम काहीतरी साठवलेलं असे. दोऱ्याची रिकामी रिळं, तुटक्या चेनी, कुणाच्या तरी घड्याळाचा पट्टा. तिची आत्या हवामान केंद्रात कामाला होती. हिवाळाभर दर पंधरा दिवसांनी ती डोंगरावरच्या खोलीपर्यंत चालत जाई, तिथल्या यंत्रांवरचे आकडे वहीत उतरवी आणि परत येई. दोन हिवाळे खार तिच्यामागे लागली होती, मला ने. यंदाची शेवटची फेरी नऊ-दहा दिवसांवर आली, तेव्हा कुठे आत्या म्हणाली, "नेईन. पण वर जाणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा होते. लहान असो की मोठा."

परीक्षा म्हणजे कमरपट्टा. थंडीत अडकलो तर जीव तगवण्यापुरतं सामान त्यात हवं, आणि तो कोटाच्या आत, अंगावरच हवा.

"पाठीवरच्या पिशवीत ठेवलं तर?" खारीने विचारलं होतं.

"आमच्या एका गड्याने ठेवलं होतं. बुटाची नाडी बांधायला पिशवी खाली टेकवली आणि ती घसरत गेली दरीत. शहाणपण सगळं पिशवीत, आणि पिशवी पसार. अंगावरचं कुठं जात नाही बाई."

म्हणून गेले आठ दिवस खार शाळा सुटली की मामाच्या दुकानात बसत होती. मामा कोट, पिशव्या आणि तंबू दुरुस्त करायचा. दुकान एवढंसं, दोन शिलाई मशीन, कोपऱ्यात जुना फ्रीज, भिंतीभर चेनी आणि मेणाचा वास. खारीने गाडीच्या सीटचा जुना पट्टा कमरेच्या मापाने कापला आणि त्यावर अकरा कप्पे शिवले. प्रत्येकाला मामाच्या डब्यातलं सगळ्यात चकचकीत, सगळ्यात लहान टिचबटण. आत शिट्टी, अंगाची ऊब धरून ठेवणारी चमकती पातळ चादर, टॉर्च, काड्यापेटी, चटकन पेटावा म्हणून व्हॅसलिन चोळलेला कापूस, चॉकलेटची अख्खी वडी, दोरी, मासे पकडायचा गळ, होकायंत्र आणि अजून काय काय.

"हा गळ कशाला?" मामाने विचारलं.

"असू दे. लागला तर."

"डोंगराच्या माथ्यावर मासे? ते चढून येणार का तुला भेटायला?"

खार हसली, पण गळ काढला नाही.

शनिवारी दुपारी आत्या दुकानात आली. तिने बादलीत पाणी ओतलं, वर बर्फ टाकला, आणि खारीने हात बुडवले. मामाने साठ मोजले.

"शिट्टी, चादर, उजेड. दोन मिनिटं," आत्या म्हणाली.

खारीने पहिलं टिचबटण धरलं. म्हणजे तिला वाटलं, धरलं. बोटं लाकडाच्या पट्ट्यांसारखी झाली होती, बटण त्यांच्याखालून निसटत होतं. शिट्टी कुठल्या कप्प्यात हेही अकरांत आठवेना. एक कप्पा कसाबसा उघडला, तर त्यातून गळ निघाला.

दोन मिनिटं झाली.

"नापास," आत्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

"अहो, लेकराने आठ दिवस खपून शिवलंय," मामा म्हणाला. "टाके तर बघा जरा."

"टाके माझ्यापेक्षा सुरेख आहेत. पण थंडी टाके बघत नाही हो. सहा वाजता परत येते. तेव्हाही जमलं नाही तर पुढच्या हिवाळ्यात."

"बरं, मास्तरीणबाई. तुमची परीक्षा कधी झाली होती?"

"माझी?" आत्याने कोट उघडून कमरेचा काळा पट्टा दाखवला. "बारा हिवाळे बांधतेय मी हा. माझी केव्हाच झाली."

ती गेल्यावर खार नाक ओढत थोडा वेळ स्टुलावर बसली. मग म्हणाली, "मामा, तू बटणं बदलून देशील?"

"दोरा माझा, डोकं तुझं," मामा म्हणाला आणि आपल्या मशीनकडे वळला.

खारीने पट्टा टेबलावर पालथा केला. या वेळी तिने शिवायला घेतलंच नाही. आधी हात बादलीत घातले, साठ मोजले आणि त्या बधिर हातांनी एकेक वस्तू उचलून पाहिली. होकायंत्र हातात राहिलं, पण ते वाचायचं कसं हे तिला कुठं येत होतं? ते बाजूला गेलं. दोरीची गाठ सुटेना, म्हणून तिने दोरी नुसती गुंडाळून ठेवली. काड्यापेटीतून काड्या सांडल्या, मग एक रुंद तोंडाची डबी शोधली. टॉर्च तासभर फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. बाहेर काढला तर उजेड आजारी माणसासारखा. काखेत धरून बसली, दहा मिनिटांत पुन्हा झकास. तेव्हा टॉर्चचा कप्पा तिने पट्ट्याच्या आतल्या बाजूला, पोटाशी लावला. चॉकलेट फ्रीजमध्ये दगड झालं होतं. तिने दुसरं घेतलं, त्याचे तुकडे केले आणि कागदात वेगवेगळे बांधले.

गळ मात्र तिने दोनदा बाजूला ठेवला आणि दोनदा परत उचलला. खारीच ती. साठवलेलं सोडणं तिच्या रक्तात नव्हतं. शेवटी तिने तो मामाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

अकराचे पाच कप्पे झाले. टिचबटणं उसवली. त्यांच्या जागी जुन्या कोटाची लांबट लाकडी बटणं आली, आणि प्रत्येकाला अख्खा अंगठा जाईल एवढा दोरीचा फास. शिट्टी कप्प्यातून निघून थेट गळ्यात गेली. पट्टा आता दिसायला अगदी ओबडधोबड होता. खारीने तो बांधला, वरून कोट घातला आणि आरशात पाहिलंसुद्धा नाही.

सहाला आत्या आली. नवा बर्फ, साठ आकडे.

पहिल्या पाच सेकंदांत शिट्टी अशी वाजली की मामाच्या हातातली कात्री पडली. फासात अंगठा, एक ओढ, चादर बाहेर. चादर खांद्यावर. दुसरा फास, टॉर्च, उजेड. अजून पाऊण मिनिट हाताशी होतं, म्हणून खारीने चॉकलेटही काढलं. कागद बोटांना सुटेना, तर सरळ दातांनी फाडला.

"दात चालतात?" तिने तोंडातल्या तोंडात विचारलं.

"चालतात की. हातांनीच उघडा असं कुणी म्हटलंय?" आत्याने तिच्या खांद्यावरची चादर नीट केली, पट्टा हाताने चाचपून पाहिला, फास ओढून पाहिला. "यात एकही गोष्ट उगाच नाही. शाबास. उद्या सकाळी सात वाजता निघायचं. मी कुणासाठी थांबत नाही."

मामा दुसरीकडे बघून डोळे पुसत होता. म्हणे कोटाची लोकर उडाली.

खार मात्र आत्याच्या उघड्या कोटातून तिच्या कमरेकडे बघत होती. काळ्या पट्ट्याचं बक्कल गंजलं होतं. त्यातून आत गेलेल्या चामड्याला भेगा पडल्या होत्या, आणि कप्प्यांवर होती टिचबटणं. लहान, चकचकीत.

"आत्या, हे शेवटचं कधी उघडलं होतंस?"

आत्याने मान खाली घालून आपल्या पट्ट्याकडे पाहिलं.

खारीने फ्रीज उघडला, उरलेला सगळा बर्फ बादलीत ओतला, बादली दोन्ही हातांनी उचलून आणली आणि आत्याच्या पुढ्यात ठेवली. मग मामाचं घड्याळ भिंतीवरून उतरवून मांडीवर घेतलं.

"वर जाणाऱ्या प्रत्येकाची," ती म्हणाली, आणि आत्याच्या बाह्या वर होईपर्यंत थांबून तिने मोजायला सुरुवात केली.