सहा दिव्यांचं खोटारडं बटण

मित्रांनो, मी स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं एक जुनं बटण आहे. एके काळी मी पांढरा होतो, हे सांगितलं तर तुम्ही हसाल. तळणाची वाफ, पिठाचे हात, माशांचे हात, सगळं माझ्याच अंगावर. पाठीमागच्या डबीत झुरळांचं अख्खं खटलं नांदतं. शी! पण त्या घाणीची सवय झाली. एका गोष्टीची शिसारी मात्र अजून जात नाही.

कारखान्यात परीक्षेला मला हजार वेळा दाबलं आणि मी हजार वेळा खरं बोललो. चालू म्हणजे चालू, बंद म्हणजे बंद. बटणाला दुसरी अब्रू ती काय असणार?

मग या घरी आलो. घरच्या वहिनींनी हौसेने छताला सहा स्पॉटलाइट घेतले होते आणि सहाही एकाच बटणावर हवे होते. वायरमनला मी उरकपंत म्हणतो, कारण त्याला कामापेक्षा उरकण्याची घाई. रीत अशी, की वीज आणणारी फेजची वायर आधी माझ्याकडे यावी, माझ्याकडून पहिल्या दिव्याला, तिथून दुसऱ्याला, अशी सहाव्यापर्यंत जावी. वीज परत नेणारी न्यूट्रलची वायर दिव्यांना थेट जोडावी. या पठ्ठ्याने नेमकं उलटं केलं. फेज थेट दिव्यांना दिली आणि न्यूट्रल माझ्या गळ्यात मारली. मी बंद झालो की दिवे विझायचे, पण वर वीज तशीच टपून बसलेली.

"दिवे लागले ना? मग झालं," असं म्हणून तो चहा पिऊन गेला. एका बोटात सहा दिवे, म्हणून सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मला स्वतःचीच किळस येत होती.

चार वर्षांनी एक दिवा गेला. वहिनी स्टुलावर चढल्या. लेक म्हणाली, "आई, बाबांना येऊ दे ना."

"अगं, बटण बंद केलंय. काही होत नाही."

माझ्या भरवशावर त्यांनी दिवा काढला आणि बोट आतल्या पत्र्याला लागलं. झटक्यासरशी त्या खाली कोसळल्या. उजवं मनगट मोडलं.

"ओला हात लावला असशील," नवऱ्याने त्यांनाच बोल लावला. नवा दिवा बसवायला आलेल्या उरकपंतानेही मान डोलावली. चोर तो चोर, वर शिरजोर! पण हात कोरडा होता, हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी प्लास्टरमधल्या हाताकडे पाहिलं आणि डाव्या हाताने मला बंद केलं.

"बटण बंद आहे. आता चढा आणि बोट लावा आत."

"तसं नसतं हो, वहिनी."

"मग कसं असतं?"

उरकपंताने हात खिशात घातला. बाहेर आला तो वीज आहे का ते दाखवणारा टेस्टर. स्टुलावर चढून त्याने तो आतल्या पत्र्याला टेकवला, आणि मी बंद असूनही टेस्टर पेटला. नवरा मान खाली घालून उभा राहिला. उरकपंत मेन स्विच बंद करून आला आणि त्याने दोन्ही वायरींची अदलाबदल केली. सगळं काम पंधरा मिनिटांचं होतं.

मित्रांनो, आता मी खरं बोलतो. तरीही नुसत्या माझ्या शब्दावर दिव्याला हात लावू नका. ते काम जाणत्या मोठ्या माणसाचं, आणि त्यानेही आधी मेन बंद करावा, टेस्टर लावून बघावा. वहिनींचं प्लास्टर कधीच निघालं, पण मनगट पुरतं वळत नाही. त्या मला अजून डाव्या हातानेच दाबतात.