उपाशी तुकडा

संशोधन केंद्रात तिला सगळे मातीवाली म्हणत. शेतातली माती वाळवायची, चाळायची, तपासायची आणि येईल तो आकडा बिनदिक्कत द्यायचा. या वेळी मात्र तो आकडाच तिला खुपत होता.

जमीन न थकवता पीक कसं घ्यावं, याचं सध्या जिकडेतिकडे वारं होतं. इथे त्यावर अकरा वर्षं प्रयोग चालला होता. कुठे शेणखत, कुठे पालापाचोळा. आणि तुलनेसाठी खोलीएवढा एक तुकडा, ज्याला काहीच घालायचं नाही. त्याचं नाव पडलं उपाशी. वर्षभरात या उपाशानेच बाळसं धरलं होतं! आता तुलना करणार कशाशी?

कुठेतरी पाणी मुरत होतं. नवा संशोधक सकाळी सगळ्यांच्या आधी शेतात असायचा आणि उपाशाचं नाव काढलं की हसून विषय बदलायचा. मातीवालीला एवढं पुरलं. तिने थेट संचालकांकडे लेखी तक्रार ठोकली. उद्या चौकशी होती आणि त्याची नोकरी जाणार, हे शिपायालाही ठाऊक होतं.

पुरावा पक्का करायला तिने उपाशाची ताजी माती आणून चाळली. चाळणीवर अंड्याची टरफलं उरली आणि वाकड्या दांड्याचा एक चमचा. तिने तो पुसून पाहिला. याच चमच्यासाठी तिने महिनाभर सगळं घर धारेवर धरलं होतं.

घरी येऊन तिने चमचा वडिलांपुढे ठेवला. त्यांनी तीस वर्षं याच केंद्राची जमीन नांगरली होती. निवृत्त झाल्यावरही सकाळचं फिरणं तिकडेच.

"सापडला का! सालींबरोबर गेला असणार," ते खुशीत म्हणाले.

"बाबा, अकरा वर्षांच्या कामाचा विचका केलात!"

"अगं, शेजारच्यांना पोटभर आणि त्याला काहीच नाही? मला नाही बघवत. साली, चहाचा चोथा... रोज ओंजळभर, बस."

"कुणी पाहिलं तुम्हाला?"

"तुमच्या त्या नव्या साहेबाने, दोनेक महिन्यांपूर्वीच. सांगू नका म्हटलं, माझी लेक फार चिडते. भला माणूस, त्याने शब्द पाळला."

मातीवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी संशोधक चौकशीला मान खाली घालून बसला होता. कुणी काही विचारायच्या आत तिने चमचा संचालकांच्या टेबलावर ठेवला.

"हा कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"आमच्या घरचा," ती म्हणाली.