सोयरीकवाली वच्छलाबाई

“आता तुमीच सांगा वच्छलाबाई, पोट्टा कसा हाय?” जानरावांनी चहाची कपबशी तिच्यापुढे सरकवली. “येत्या रविवारी अंगठी घालून साक्षगंध उरकून टाकतो म्हनतो. फक्त तुमी एक डाव हो म्हना.”

वच्छलाने हातातला फोटो पाहिला. खरं तर पाहायची गरज नव्हती. सुगतला ती तीन वर्षांपासून ओळखत होती. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाच्या कंपनीत नोकरी, दारू नाही, तंबाखू नाही, आईवर जीव. सोन्यासारखा मुलगा. त्याला एचआयव्ही आहे, तो रोज रात्री एक गोळी घेतो, हेही तिला माहीत होतं. त्या गोळ्यांचा खाडा होऊ नये म्हणून मागे लागणं हेच तर तिचं काम होतं. आणि यातला एक शब्द कुणाजवळ काढायची तिला बंदी होती. नोकरीला लागताना तशी सहीच केली होती तिने.

दाराआडून जानरावांची मुलगी आचल कान देऊन ऐकत होती. तिवस्याच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती पोरगी.

“मले नाई माहीत, जानरावभाऊ,” वच्छला म्हणाली.

“तुमाले नाई माहीत?” जानरावांची बायको मैनाबाई खो-खो हसली. “अख्ख्या तालुक्याचे पोट्टे तुमच्या थैलीत, अन् हाच नेमका सुटला काय व माय?”

“साक्षगंधाच्या आधी दोघांचंबी रक्त तपासून घ्या.”

“आलं तुमचं नेहमीचं!” मैनाबाईने हात उडवला.

हे वाक्य वच्छला अकरा वर्षं घरोघरी सांगत आली होती. इतक्यांदा सांगितलं होतं, की आता ते कुणाला ऐकूच येत नसे. ‘बसा, चहा घ्या’ असं यजमान म्हणतात, तसं ‘रक्त तपासा’ असं वच्छलाबाई म्हणतात, इतकाच त्याचा अर्थ उरला होता. आज मात्र तिने ते जीव तोडून म्हटलं होतं. तिने चहा घटाघटा संपवला आणि जीभ पोळून घेतली.

खरं म्हणजे वच्छलाबाई सोयरिकी जमवणारी नव्हेच. ती अमरावतीच्या एका संस्थेत काम करत होती. तालुक्यातल्या बावीस गावांत ज्यांना हा आजार आहे त्यांच्यापर्यंत औषध पोचवायचं, बाळंतपणाआधी बायकांची तपासणी करवायची, कुणी गोळ्या सोडल्या तर शोधून काढायचं. पहिल्यांदा ती या गावात आली ती संस्थेच्या जीपमधून. जीपच्या दोन्ही दारांवर आजाराचं नाव हातभर अक्षरांत रंगवलेलं! असली अक्कल हापिसातच सुचते. जीप कौशल्याच्या दारी थांबली आणि वाचता न येणारी शेजारीण धावत आली. कौशल्याला आपल्या आजाराचं तेव्हा नुकतंच कळलं होतं. भेदरून ती बोलून गेली, “माह्या नंदेच्या पोरीसाठी स्थळ घेऊन आल्या ह्या बाई.”

पुढच्या खेपेला वच्छला जीप सोडून ऑटोने आली आणि पिशवीत चार मुलांचे बायोडाटा घेऊन आली. थापेला पाय फुटले. लोक तिला बोलावू लागले, फोटो देऊ लागले. कुणाच्याही घरात शिरावं, दार लोटून सूनबाईशी हळू आवाजात बोलावं, कुणाला काही वाटत नसे. अकरा वर्षांत तिच्या हातून सात लग्नंही जमली. तिला स्वतःलाच हसू येई. अमरावतीला खोलीवर परतली की हे हसू सांगायला मात्र कुणी नसे. ज्यांना तिचं खरं काम ठाऊक होतं, ती माणसं तिला बाजारात ओळख देत नसत. तसं तिनेच त्यांना शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळी ती कंपनीच्या गेटसमोर उभी राहिली. सुगतने तिला पाहिलं आणि चेहरा पाडूनच आला.

“काकू, मले माहीत हाय तुमी कावून आल्या ते.” रस्त्याकडेच्या चहाटपरीमागे दोघं उभी राहिली. “पन डाक्टरनंच सांगितलं ना, माह्या रक्तात आता तो व्हायरस मोजन्याइतकाबी नाई. गोळ्या चालू हायेत तोवर माह्यापासून बायकोले काही होत नाई. मंग कायले सांगू?”

“खरं हाय ते. चांगलीच गोष्ट हाय. मंग हेच सांग ना तिले.”

“अन् तिनं नाई म्हटलं तं?”

“तं नाई म्हटलं. तिचा हक हाय तो.”

“तुमाले बोलाले सोपं हाय, काकू.”

वच्छलाला राग आला. हा राग वीस वर्षं जुना होता. “माह्या मालकालेबी माहीत होतं,” ती म्हणाली. “लग्नाच्या आधीपासून. मले कधी समजलं, तं तो गेल्यावर. पेटीत त्याचे रिपोर्ट भेटले. मीबी गोळ्या खातो रे रोज. मरनाचं काही नाई, पोट्ट्या. पन अजूनबी जेवता जेवता मनात येते, यानं मले इचारलं कावून नाई?”

हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सुगत खाली पाहत राहिला. तिने त्याचा हात हातात घेतला तर त्याने तो सोडवून घेतला. कंपनीतली पोरं पाहत होती.

“शनिवारी आचलले घेऊन अमरावतीले ये. समुपदेशक म्याडम हायेत, मीबी बसतो बाजूले,” ती म्हणाली. “नसन सांगनं होत, तं मोडून टाक. पन लपवून करू नको.”

सुगतने होकाराची मान हलवली.

शनिवारी ती संध्याकाळपर्यंत वाट पाहत बसली. फोन आला तो सात वाजता.

“काकू, मोडलं मी.” तो रडत होता. “नाई झाली हिंमत. जानरावमामाले काहीतरी कारन सांगा लागत होतं... मी म्हटलं, वच्छलाबाईनं दुसरं स्थळ आनलं, तिकडंच जमून राहिलं. तुमचं नाव घेतलं मी. तेच एक तोंडात आलं.”

वच्छला म्हणाली, “पोरीच्या नावानं तं काही बोलला नाई ना?”

“नाई, काकू.”

“मंग ठीक हाय. आजची गोळी घेतली?”

फोन ठेवल्यावर ती खूप रडली. अकरा वर्षांत जोडलेलं गाव एका वाक्यात गेलं होतं. शहाणी असती तर चार महिने तिकडे फिरकली नसती. पण कौशल्याची गोळ्यांची बाटली सोमवारी संपत होती. कौशल्या कापूस वेचायला जाणारी; ऐन हंगामात तिला सुट्टी मिळणार नव्हती, आणि घरातला एकुलता एक फोन दिराच्या खिशात असे. निरोप तरी कसा पाठवणार? सोमवारी मजूर शेतातून परतायच्या वेळी वच्छला ऑटोतून उतरली.

दहा पावलं चालली नसेल तोच मैनाबाई आडवी आली.

“आली काय व? तोंड घेऊन आली?” तिचा आवाज पार बुद्धविहारापर्यंत गेला. “माह्या घरचा चहा पेली अन् माह्या पोरीचं स्थळ दुसरीकडे वळवलं! कावून? काय वाकडं केलं होतं तुह्यं आमी?”

घराघरांतून बायका बाहेर आल्या. जानराव ओसरीवर मान खाली घालून बसले होते. शिव्या परवडल्या असत्या, ते बसणं पाहवेना. आचल दारात उभी होती, डोळे सुजलेले. वच्छलाच्या तोंडाशी आलं, की बाई ग, मी तुझं काही हिरावलं नाही. एक वाक्य पुरे होतं. त्या वाक्यावर सुगतचं आयुष्य टांगलेलं होतं.

“चुकलं माह्यं, मैनाबाई,” ती म्हणाली.

“चुकलं म्हने! पहा वं बायाहो, कबूल करून राहिली!”

कुणीतरी तिची पिशवी ओढली. बायोडाटांचे कागद रस्त्यावर पसरले आणि लोकांचे पाय त्यांवरून गेले. इतक्यात गर्दीतून कौशल्या पुढे आली. डोक्याला फडकं, कमरेला कापसाची ओटी तशीच.

“चाल, निघ गावातून!” तिने वच्छलाचा दंड धरला. “आमच्या पोरीबाळीचे तळतळाट घेते! चाल, मी काढतो हिले!”

आणि तिने सर्वांदेखत वच्छलाला ओढत नेलं. शिव्या देत, हिसके देत, थेट फाट्याच्या वळणापर्यंत. वच्छला अडखळत चालत होती. अकरा वर्षांपूर्वी हाडांचा सापळा झालेल्या या बाईला तिने स्वतःच्या हाताने भात भरवला होता. मागे गर्दी उभी राहून पाहत होती, पण आवाज तिथवर पोचणारा नव्हता.

“आनल्या काय वं, बाई?” कौशल्याने हळूच विचारलं. पकड तशीच घट्ट होती.

वच्छलाने पोलक्यातून कागदात गुंडाळलेली बाटली काढली. ती कापसाच्या ओटीत दिसेनाशी झाली.

“यापुढं गोळ्या घ्याले तुले तिवस्याले या लागन. मी नाई येऊ शकत आता.”

“येईन मी. बाई, तुमी कोनाचं स्थळबिळ मोडनार नाई, मले माहीत हाय.” कौशल्याचे डोळे भरले. “मी असी बोलली तं...”

“मोठ्यानं बोल,” वच्छला म्हणाली. “लोक पाहून राहिले.”

कौशल्याने पदराने नाक पुसलं. मग सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, “पुन्हा या गावात पाय ठेवशीन तं तंगडं मोडीन!” शेवटच्या शब्दाला तिचा आवाज चिरकला. ती पाठ फिरवून भराभर गावाकडे चालू लागली.

वच्छला फाट्यावर एकटी उभी राहिली. दंडावर कौशल्याच्या बोटांचे लाल वळ उठले होते. इतकं घट्ट तिला कुणी धरलं, त्याला फार वर्षं झाली होती. ऑटो दिसला तशी तिने दंडावरून पदर ओढून घेतला आणि हात दाखवला.