सत्कारमूर्तींनी हात लावू नये

वस्तीच्या सभागृहात रक्तदान असो, डोळ्यांची तपासणी असो, नाहीतर एखाद्या विद्वानाचं लांबलचक भाषण असो, किटलीपाशी ताई असणार हे ठरलेलं. चहा वेळेवर आणि वाफाळता. घरी मात्र या कामाला एकच नाव होतं, आणि ते ताईंच्या नवऱ्याने ठेवलेलं: नसती उठाठेव. हे गृहस्थ घड्याळजी. उभा जन्म डोळ्याला भिंग लावून काढल्यामुळे त्यांना बारीक चुका लगेच दिसत आणि समोरचं माणूस जरा उशिराच दिसे. सभागृहाची पायरी ते कधी चढले नव्हते.

म्हणून मंडळाने स्वयंसेवकांचा सत्कार ठरवला तेव्हा ताईंनी त्यांना बजावलं, "मला तुमचं भाषण नको, काही नको. समोर बसायचं आणि माझं नाव पुकारलं की टाळ्या वाजवायच्या. जमणार नसेल तर आत्ताच सांगा."

"वाजवीन की," घड्याळजी म्हणाले. "हात काय, रिकामेच असतात."

ताईंचा विश्वास बसला नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने एकदाही 'बरं केलंस' म्हटलं नव्हतं, आणि ताईंना ते हवं होतं. केस पिकले म्हणून हौस थोडीच पिकते.

कार्यक्रमाच्या दिवशी मंडळाच्या चिटणिसांनी फर्मान काढलं. सत्कारमूर्तींनी आज कशालाही हात लावायचा नाही.

"वर्षभर राबता ना? आज राजासारखं बसायचं," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच मोठेपणाने त्यांचा ऊर भरून आला. मग ताई, माइक सांभाळणारे मास्तर, खुर्च्या मांडणारा धिप्पाड टेम्पोवाला आणि लोकांना जागेवर बसवणाऱ्या नर्सबाई, अशा चौघांना त्यांनी व्यासपीठावर नेऊन बसवलं.

घोळ नेमका इथेच झाला. वस्तीत काम करणारी माणसं तेवढीच होती, आणि ती सगळी वर बसली होती.

लोक आले. खुर्च्या भिंतीशी एकीवर एक रचलेल्या. कुणीतरी मांडील म्हणून सगळे उभे राहिले. टेम्पोवाल्याचे हात शिवशिवायला लागले, तसे त्याने ते मांड्यांखाली दाबून धरले. चिटणीस माइकपुढे गेले. ओठ हलले, पण आवाज काही येईना.

"मागचं बटण," मास्तर पुटपुटले.

चिटणिसांनी मागच्या भिंतीवरचं बटण दाबलं आणि पंखे बंद झाले.

घाम पुसत ते ताईंजवळ आले. "ताई, चहाचं एरवी कोण बघतं हो?"

"मी."

"आणि आज?"

"आज मला राजासारखं बसायचंय." एवढं बोलून ताई उठायला लागल्या, तर चिटणिसांनी त्यांना परत बसवलं. मंडळाचा शब्द म्हणजे शब्द.

ताईंनी समोर पाहिलं. घड्याळजी गर्दीत हाताची घडी घालून उभे होते. मागे पडणाऱ्या घड्याळाकडे ते बघायचे तसेच सभागृहाकडे बघत होते. पहिल्यांदा आले, आणि आले ते हे बघायला. आता जन्मभर ऐकावं लागणार.

तेवढ्यात घड्याळजींनी बाह्या सरसावल्या. "काय तमाशा बघताय?" शेजारच्या माणसावर ते खेकसले. "ती खुर्ची उचला. सरळ रेषेत लावा, तिरकी नको." पाहता पाहता त्यांनी निम्म्या वस्तीला कामाला जुंपलं. व्यासपीठावर चढून माइकच्या पेटीचं मागचं झाकण खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडलं, आत काहीतरी खुडबुड केली, मास्तरांकडे रागाने बघून झाकण लावलं आणि माइक खरखरून चालू होताच ते आतल्या खोलीत गडप झाले.

प्रमुख पाहुण्यांचं भाषण रंगात आलं असताना दारातून खणखणीत आवाज आला, "अगं, साखर कुठे ठेवतेस?"

मास्तरांनी न राहवून पाहुण्यांपुढचा माइक उचलून ताईंपुढे धरला. "डाव्या फडताळात, मोठा डबा," ताईंचा आवाज सभागृहभर घुमला. "आणि उकळू द्या जरा."

पाहुण्यांना मिळाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या या वाक्याला पडल्या.

सत्कार सुरू झाले. ताईंचं नाव शेवटी होतं. ते पुकारलं गेलं नेमकं घड्याळजी भरल्या कपांचा ट्रे घेऊन व्यासपीठावर आले तेव्हा. ताईंनी पुष्पगुच्छ घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. एकटे घड्याळजी दोन्ही हातांत ट्रे धरून खांबासारखे उभे. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ट्रे टेकवायला बोटभर जागा नव्हती.

टाळ्या विरत आल्या. ताईंनी मान खाली घातली. म्हटलंच होतं, या माणसाकडून हे व्हायचं नाही.

"जरा धरा हो," असं म्हणत घड्याळजींनी ट्रे प्रमुख पाहुण्यांच्या हातांत कोंबला आणि शांत झालेल्या सभागृहात ते एकटेच टाळ्या वाजवायला लागले. चेहरा नेहमीसारखाच आंबट, फक्त डोळे भरलेले. लोक बघत होते. त्यांना पर्वा नव्हती.

"अहो, पुरे आता," ताई कुजबुजल्या. "लोक चहासाठी थांबलेत."

"थांबू देत," घड्याळजी म्हणाले, आणि वाजवतच राहिले.